चौथी चिठ्ठी

चौथी चिठ्ठीही त्याच अक्षरातली होती. बाईंनी ती वाचली, प्रार्थनाघराच्या रिकाम्या बाकांवरून एक नजर फिरवली आणि घडी करून पर्समध्ये टाकली. आधीच्या तीन तिथेच होत्या.

दाराजवळच्या लाकडी पेटीत ज्याला जे देवाकडे मागायचं ते नाव न घालता लिहून टाकायचं, अशी तिथली पद्धत होती. दर शनिवारी दुपारी बाई पेटी उघडत आणि चिठ्ठ्या नवऱ्याकडे देत. नवरा प्रार्थनाघराचा प्रमुख. दुसऱ्या दिवशी तो त्या मोठ्याने वाचे आणि त्या अनोळखी माणसांसाठी सगळे मिळून प्रार्थना करत. चिठ्ठी कुणाची हे शोधायचं नाही, हा पहिला नियम. बाईंनी तो बारा वर्षं पाळला होता. पण बाई शाळेत शिकवायच्या. पेपर तपासण्यात उभा जन्म गेलेला. अक्षर ओळखायचं नाही म्हटलं तरी डोळे थोडेच ऐकतात! आणि हे अक्षर तर त्यांनीच हात धरून गिरवून घेतलं होतं.

पहिल्या चिठ्ठीत होतं, ‘मला एक मुलगा आवडतो. आम्ही भेटतो. हे पाप आहे का?’ दुसरीत, ‘घरी खोटं बोलावं लागतं. मला ते जमत नाही.’ तिसरीत, ‘बाबांना कळलं तर माझं शिक्षण थांबेल.’ आणि आजची, ‘मला कुणी विचारलं, तर मी खरं सांगेन.’

‘विचारते ना,’ बाई मनाशी म्हणाल्या. ‘चांगली पुराव्यानिशी विचारते.’

कॉपी करणारं पोर आधी कानांवर हात ठेवतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून पहिल्या चिठ्ठीपासून त्यांनी तोंडातून ब्र काढला नव्हता. सतरा वर्षांच्या लेकीवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली होती. तिचं दप्तर बघितलं, कपाट बघितलं, उशीची खोळही उलटी केली. गेल्या मंगळवारी शाळेतून लवकर निघून बाई एका औषधांच्या दुकानाच्या आडोशाला उभ्या राहिल्या. समोर बसथांब्यावर लेक होती आणि तिच्याबरोबर एक काटकुळा मुलगा होता. दोघांनी दोन बस सोडल्या. तिसरीत लेक एकटीच चढली. मुलगा हात हलवत राहिला, बस वळली तरी. घरी येऊन लेक म्हणाली, “बस मिळाली नाही गं.” बाई म्हणाल्या, “असं होय!”

एक गोष्ट मात्र त्यांना राहून राहून खटकत होती. पोरीने काहीच लपवलं नव्हतं. कागद रोजच्या वहीतला, शाई रोजची हिरवी, अक्षर तर इतकं स्वच्छ की परीक्षेतही तिने कधी काढलं नव्हतं. वर दर शनिवारी जेवताना विचारायची, “आई, आज पेटीत काय काय होतं?” रविवारी बाबा चिठ्ठ्या वाचत, तेव्हा ही बाबांकडे न बघता टक लावून आईकडे बघत बसायची. अंदाज घेतेय, दुसरं काय! कारटी निर्ढावली, असा बाईंनी निकाल लावून टाकला. देवाच्या पेटीशी खेळायलासुद्धा हिला काही वाटत नाही, याचा त्यांना बसथांब्यावरच्या त्या मुलापेक्षा जास्त राग आला.

घरी पोचताच त्यांनी नवऱ्याला फोन केला. “पाचला घरी या. लेकीबद्दल बोलायचंय.” एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. गेल्या वर्षी प्रार्थनाघरातल्या एका मुलीचं असंच काहीसं उघडकीला आलं होतं. तिला दूरच्या काकांकडे धाडा, हा सल्ला नवऱ्याचाच. ती मुलगी पुन्हा कुणाला दिसली नाही. लेक डॉक्टर व्हायचं म्हणत होती. पण चूक ती चूक, असं म्हणून बाईंनी मन घट्ट केलं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना लेक बाहेरून आली. बाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चारही चिठ्ठ्या ओळीने मांडल्या. शेजारी तिची वही उघडून ठेवली, फाडलेल्या पानांची टोकं दिसतील अशी.

“ओळखतेस?”

आता रडारड होणार, नाहीतर शपथा सुरू होणार, असं बाईंना वाटलं होतं. लेक खुर्ची ओढून बसली. चेहऱ्यावर भीती नव्हतीच. उलट खांद्यावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तशी ती सैलावली.

“माझ्याच आहेत,” ती म्हणाली. “किती उशीर केलास गं.”

“उशीर? तुला लाज नाही वाटत?” बाईंचा आवाज चढला. “बाबा येतायत आता. त्यांनाच सांग काय ते.”

लेकीचा चेहरा खर्रकन उतरला. “बाबांना बोलावलंस? मला विचारायच्या आधी?”

“काय विचारायचं राहिलंय? सगळं दिसतंय इथे. देवाच्या पेटीत टाकताना निदान अक्षर तरी बदलायचंस!”

बाहेर फाटक वाजलं. पायरीवर बुटांचा आवाज आला. लेकीने चिठ्ठ्यांना हातही लावला नाही, फक्त आईकडे बघितलं, रविवारी बघायची तसंच.

“देवाला मी केव्हाच सांगितलं होतं, आई,” ती हळू आवाजात म्हणाली. “पेटी तू उघडतेस. चिठ्ठ्या तुला होत्या.”