दोन वितींचा चौरस

"न्हाय, ह्यो न्हवं," सावळाराम आबा कागद परत सरकवत म्हणाले. "ह्यो पोराटकीचा झाला. आमचा मोठा हुता."

स्वरूपानं कागद चुरगाळून टोपलीत टाकला. बारामती स्टँडमागच्या तिच्या डीटीपीच्या दुकानात लग्नाच्या पत्रिका खोळंबल्या होत्या आणि लासुर्ण्याहून आलेल्या या म्हाताऱ्याला नवकंकरीच्या खेळाचा पट हवा होता. एकात एक तीन चौरस, बाजूंचे मध्य जोडणाऱ्या चार रेघा, बास. काम सोपं, गिऱ्हाईक अवघड.

आबांना घेऊन आलेले गाडीवाले दाराजवळच्या स्टुलावर किल्ली हातात घेऊन बसले होते. आबांच्याच वयाचे असतील. या वयात माणसाला लोकांच्या गाड्या हाकाव्या लागतात याचं स्वरूपाला वाईट वाटलं. तिनं त्यांनाही चहा सांगितला.

"आबा, मोठा म्हणजे नक्की किती?"

"दोन विती."

स्वरूपानं स्टीलची पट्टी पुढं केली. "ठेवा हात. मोजून घेऊ."

"माझी वीत काय कामाची?" आबांनी हात मागं घेतला. "दगडावर माझ्या दोस्तानं, सिकंदरनं मापलं हुतं. त्याचा पंजा ह्यो मोठा!"

"मग सिकंदरांना विचारून या की." स्वरूपाचा आवाज जरा चढलाच.

गाडीवाले स्टुलावरून उठले, पट्टीवर आपला पंजा ताणून ठेवला. "येवढी धर पोरी, अंदाजानं."

आबांनी वाकून पाहिलं. "व्हय, व्हय! येवढीच!"

तेवीस सेंटिमीटर. स्वरूपानं दुप्पट करून चौकटीत आकडा टाकला. शिफ्टचं बटण दाबून धरलं की चौरस कसा चोख येतो. चारी बाजू सारख्या, कोपरे काटकोनात. आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. तिन्ही निवडून एकाच मध्यावर आणले. जोडरेघ ओढायला घेतली की बाजूच्या मध्याशी ती आपोआप चिकटायची. स्वरूपाला हेच आवडायचं. माणसाचा हात थरथरला तरी रेघ थरथरत नाही.

आबा चहा फुंकत बोलत राहिले.

"कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या बैलगाड्या उभ्या ऱ्हायच्या बघ. नंबर लागंस्तवर करायचं काय? काट्याशेजारी एक सपाट दगूड हुता, त्यावर आमी पट कोरला. माझं खडं, सिकंदरचं चिंचोकं. खेळाच्या नादात एकदा माझी बैलं दुसऱ्याच्याच मोळ्या खाऊन बसली! लई शिव्या खाल्ल्या, पर डाव न्हाय सोडला."

"आणि जिंकायचं कोण?"

"त्योच. लबाड हुता." आबांनी पडद्यावर बोट टेकवलं. "हितं, ह्या कोपऱ्यात एक तिरकी रेघ घाल. छिन्नी निसटली हुती त्याची."

"छिन्नी कुठली? बैलाच्या नालंचा खिळा हुता," गाडीवाले म्हणाले.

आबांनी वळून पाहिलं. "तुमाला काय ठावं ओ, गाडीवालं?"

"गावात ऐकल्यालं."

"तेबी खरं. सगळ्या गावाला ठावं हुतं. त्या रेघंवरनं चिंचोका पळवायचा आन् वर म्हणायचा, रेघ हाय म्हंजी वाट हाय."

"आबा, चुकीची रेघ कशाला ठेवायची? एवढा नेमका पट झालाय."

"ती न्हाय तर त्यो पट आमचा न्हाय."

स्वरूपानं सुस्कारा टाकला. तिरकी रेघ ओढली तर ती सारखी कोपऱ्यालाच जाऊन चिकटायला लागली. शेवटी तिनं ती चिकटायची सोयच बंद केली आणि आबा 'जरा वर', 'जरा खाली' सांगतील तशी रेघ वाकडी करून ठेवली. इतक्या मन लावून तिनं कधी चूक केली नव्हती.

"दगड कुठं गेला मग?" प्रिंट निघेपर्यंत तिनं विचारलं. आता तिलाही तो खेळ पाहावासा वाटायला लागला होता.

"तितं काँक्रिट झालं. दगूड गेला त्ये गेला, सिकंदरबी यायचा ऱ्हायला." आबांचा आवाज ओला झाला. "वरीस झालं असंल. आधी सांच्याला रोज यायचा. आता उंबऱ्यात पाय टाकत न्हाय. येवढ्या वर्सांचा दोस्त! बसल्या जागी रडू येतं बघ. वय झालं, त्याला काय आठवत नसंल म्हणं. मग ह्या गाडीवाल्यांनी आयड्या दिली, पट करून घ्या. पट बघितला की वळख पटंल."

ते गाडीवाल्यांकडं वळले. "पटंल न्हवं ओ?"

गाडीवाल्यांनी चहाचा रिकामा कप जपून टेबलावर ठेवला.

"पटाय पायजे," ते म्हणाले.

स्वरूपानं पट जाड सनबोर्डवर चिकटवून दिला. आबांनी तिरक्या रेघेवरून बोट फिरवलं आणि पोरासारखे हसले. "ह्योच! ह्योच बघ त्यो!" पट छातीशी धरून ते लगबगीनं बाहेर पडले. "चला गाडीवालं, सांच्याच्या आत घरी जाऊ. आज त्यो येतोय बगा."

गाडीवाले पैसे द्यायला मागं थांबले.

"फाईल जपून ठेवते काका," स्वरूपा म्हणाली. "पट खराब झाला तर नुसता फोन करा. तुमचंच नाव लिहून ठेवते, आबांना कशाला त्रास."

त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. पुढच्या सीटवर आबा पट मांडीवर घेऊन बसले होते आणि रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचं तोंड निरखत होते.

"लिव्ह," गाडीवाले म्हणाले. "सिकंदर मुलाणी, लासुर्णं."