मोहरीएवढं फूल

नवरा सात महिने जहाजावर. इथे केळशीला सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि पडवीत त्याची नखाएवढी ऑर्किडं. सगळ्यांचं मीच बघायचं. आज व्हिडिओ कॉल लागताच तो म्हणाला, “आधी पडवीत चल.” हापूसच्या वाळक्या फांदीला बांधलेल्या रोपाला मोहरीएवढं फूल आलं होतं. मी मोबाईल जवळ नेला. “दिसत नाय गो. माझं भिंग लाव.” एका हातात मोबाईल, दुसऱ्यात भिंग. “वा! पाकळीला जांभळी कड आहे, बघितलीस? हात हलवू नको.” सासूबाईंना उचलताना मनगट मुरगळलं होतं, त्यावरची पट्टी दोनदा कॅमेऱ्यासमोरून गेली. “खालचं पान मलूल दिसतंय,” तो काळजीनं म्हणाला. “पाणी वेळेवर फवारतेस ना?” “रोज दोनदा.” “मग असं कसं झालं? नीट बघत जा.” “बघते,” म्हणत मी कॅमेरा माझ्याकडे फिरवला आणि भिंग स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरलं.