कानपिळी

"नवरीचा भाऊ कोण? कानपिळीला या लवकर!" भटजींनी माईकवरून पुकारा केला आणि चौसाळ्याच्या मंगल कार्यालयातल्या त्या गलबल्यात बजरंग खांबाआडून बाहेर आला.

सकाळपासून तो तिथंच होता. बँडवाल्यांचे ताशे, पंगतीतली भांडी, वरचा घरघरणारा पंखा, बायांच्या बांगड्या. दुसऱ्यांचे कान यातलं नको ते गाळून घेतात. बजरंगच्या कानाला गाळणीच नव्हती, सगळं एकदम आणि सारख्याच जोरानं आत शिरायचं. डॉक्टरांनी याला ॲस्पर्जर असं नाव दिलं होतं. गावानं त्याच्या कितीतरी आधी 'येडा बजरंग' ठरवून टाकलं होतं, आणि गावानं ठेवलेलं नाव कुठं पुसतंय!

"त्याला नगं," सुग्रीवमामा भटजींच्या कानाशी लागला. "पाव्हण्यांत शोभा करील. चुलत्याच्या पोराला बसवा."

"माझा भाऊ हाय त्यो," मुंडावळ्यांमागून सायली म्हणाली. "त्योच पिळील."

मामा मागं सरला. आता नवरीच म्हणती म्हटल्यावर काय करणार?

नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट नांदव म्हणून दम द्यायचा, आहेर घेऊन उठायचं. दोन मिनिटांची गंमत. पण बजरंगला दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा म्हणजे इंगळ धरल्यासारखं व्हायचं. म्हणून सायलीनं पंधरा दिवस स्वतःचा कान पुढं करून त्याच्याकडून सराव करून घेतला. "हळू धरायचा. इचारायचं, माझ्या बहिणीला नीट सांभाळशील का? हो म्हणला की सोडायचा." बजरंगनं तेवढं पाठ केलं होतं.

कानांची त्याला ओळख होती. समोरच्याच्या डोळ्यांत बघणं त्याला पेलत नसे, म्हणून लहानपणापासून तो कानाकडं बघूनच बोले. सकाळी नवरदेवाच्या आईच्या, छबुबाईच्या पाया पडला तेव्हा तिच्या डाव्या कानाची पाळी खालपर्यंत उभी चिरलेली त्याला दिसली. "मावशी, कान कशानं तुटला वो?" त्यानं सरळ विचारलं. छबुबाईनं आधी नवऱ्याकडं, बबनरावांकडं बघितलं आणि पदर कानावर ओढून घेतला. मामानं बजरंगला दंडाला धरून बाजूला नेलं होतं. तो दंड अजून चुरचुरत होता.

आता समोर नवरदेवाचा, अमरसिंहाचा कान होता. बारका, वरच्या कडेला भिकबाळी. बजरंगनं श्वास रोखून हात पुढं केला. अंगभर काटा आला, तरी त्यानं कान धरला.

"माझ्या बहिणीला नीट सांभाळशील का?"

सगळा मांडव हसला. अमरसिंहही हसला. फोटोवाल्यानं फोटो काढला. बबनरावांनी कपड्याचं पुडकं आणि वर टोपी बजरंगच्या मांडीवर ठेवली. झालं म्हणून भटजींनी पान उलटलं.

बजरंगनं कान सोडला नाही. "हसला," तो म्हणाला. "हो म्हणला न्हाई."

पुन्हा हशा झाला, पण पहिल्याएवढा नाही.

"सोड बे! लोकं बघायलेत," मामा खेकसला.

"मेव्हणे, दुखायलंय," अमरसिंह म्हणाला. बजरंगनं लगेच बोटं ढिली केली आणि नुसती टेकवून ठेवली.

"आरं बाबा, रीत हाय ती," बबनराव म्हणाले. "खरंखुरं कोण इचारतंय का असं?"

"मग उत्तराची रीत काय हाय?" बजरंगनं विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. भटजींनी पोथीत बघितल्यासारखं केलं.

"बरं, सांभाळू! लेकीसारखी सांभाळू! सोड आता," बबनराव तडकले.

"तुमचा कान धरला न्हाई मी."

आता कुणीच हसलं नाही. ताशे थांबले होते. "ह्ये येडं लगीन मोडतंय आज," म्हणत मामानं कपाळावर हात मारला. बजरंगनं ते ऐकलं. लग्न मोडलं तर सायली रडेल, हे त्यालाही कळत होतं. पण कान सोडला तर ती उद्या त्या घरात असेल आणि उत्तर कुणालाच ठाऊक नसेल. त्याला फार भीती वाटली. तरी त्यानं बोटं काढली नाहीत.

बोटांखालचा कान हळूहळू गरम झाला.

"सांभाळीन," अमरसिंह खाली बघून पुटपुटला.

बजरंगनं तत्क्षणी कान सोडला. "म्हणला," त्यानं सायलीला सांगितलं. मुंडावळ्यांमागं सायली रडत होती. हो म्हटल्यावर रडायचं कशाला, ते काही त्याला उमगलं नाही. आहेर पाटावर तसाच ठेवून तो उठला. मांडवानं सुटकेचा निःश्वास सोडला, ताशेवाल्यानं काड्या उचलल्या.

"थांबा जरा."

बायांच्या रांगेतून छबुबाई उठली होती. "खाली बस," बबनराव दबक्या आवाजात म्हणाले. ती बसली नाही. चालत बोहल्यापाशी आली आणि तिनं डाव्या बाजूचा पदर उचलून कानामागं खोचला. चिरलेली पाळी सगळ्या मांडवाला दिसेल असा.

"परत एकदा धर ह्याचा कान, लेकरा," ती बजरंगला म्हणाली. "मला ऐकू आलं न्हाई."