गिडियनच्या जहाजावरची बाई

जहाजाच्या तोंडाशी लाकडाची एक बाई होती आणि शिडीवर चढून एनॉक सुतार तिचं नाक तासत होता. खाली उभा राहून मालक गिडियन स्केल्टन सूचना सोडत होता.

व्हिटबी बंदरात मालकाच्या बायकोचं नाव जहाजाला द्यायची रीत होती, आणि गिडियनसारखा रीत पाळणारा माणूस गावात दुसरा नव्हता. जहाज पाण्यात उतरलं ते पहिल्या बायकोच्या नावाने, 'डॉर्कस' म्हणून, तोंडाशी तिचाच चेहरा घेऊन. त्याने लंडनला कोळसा पोचवला. डॉर्कस तापाने गेली. मग घसघशीत हुंडा घेऊन प्रुडन्स आली. लाकडी बाईचे गाल तासून प्रुडन्सचे केले, नवं नाव रंगवलं आणि जहाज रिगाहून लाकूड आणू लागलं. पुढे प्रुडन्सही गेली. दोन्ही वेळा गिडियन मनापासून रडला. नवी बाई मात्र त्याने एकदाही घडवून घेतली नाही, एवढं चांगलं ओकचं लाकूड टाकून कोण देतं?

आता जहाजाचा तळ कुजला होता. उत्तरेच्या बर्फात देवमासे मारायला जायचं, तर तळाला नव्या फळ्या हव्या होत्या, नाहीतर जहाज जळणाच्या भावाने विकायचं. गिडियनचा सगळा जीव त्या जहाजात. त्यामुळे थॉमसिनबाईंवर त्याचं प्रेम जडलं. बाई दोनदा विधवा झालेल्या. पहिला नवरा दोरखंडाचा कारखाना ठेवून गेला, दुसरा टेकडीवरचं घर. लग्न येत्या गुरुवारी होतं.

बाई जहाज बघायला आल्या तेव्हा गिडियनची त्यांच्याकडे पाठ होती.

"जपून तास रे," तो एनॉकला सांगत होता. "पुढच्या वेळेला लाकूड शिल्लक राहायला हवं."

एनॉकची पटाशी थांबली. गिडियनने वळून पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. लग्न मोडलं, फळ्या गेल्या, जहाज चुलीत गेलं, असं सगळं त्याला तिथल्या तिथे दिसलं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी लाकडी बाईकडे पाहिलं. मग गिडियनचं नाक समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं.

"फळ्या उद्याच लावायला घ्या," त्या म्हणाल्या.

गिडियनच्या जिवात जीव आला.

"आणि एनॉक, माझा चेहरा राहू दे. यांचा कोर. माझ्या आधीच्या दोन नवऱ्यांच्या वेळी चेहरा कोरून ठेवायचं राहूनच गेलं."