नावे द्या

“हात नका लावू, फक्त बघा,” हेमराज म्हणाला आणि त्याने हृदयाचे दोन भाग अलग केले. आतून एक फुटाणा टपकला आणि टेबलावरून घरंगळत पहिल्या बाकापाशी गेला. आठवीचा अख्खा वर्ग हसला.

दिपमालाने वाकून तो उचलला. हे काम भाविकाचं, तिला लगेच कळलं. वर्गाला कोणी सांगितलं नव्हतं, पण लाल प्लॅस्टिकचं ते हृदय तिच्या आणि हेमराजच्या लेकीचं होतं. चार वर्षांच्या भाविकाच्या छातीचा स्कॅन कॉम्प्युटरवर घेऊन हेमराजने ते थ्रीडी प्रिंटरवर मोठं करून छापलं होतं. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होतं. तेही जसंच्या तसं. घरी ते फ्रिजवर असायचं. भाविका खुर्ची लावून ते खाली काढायची आणि त्या भोकातून फुटाणे आत सोडायची.

हेमराज धुळ्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. रखडलेली पीएच.डी. या हृदयामुळे मार्गी लागली होती. दिपमाला पारोळ्याच्या या शाळेत विज्ञान शिकवायची. त्याला आज वर्गावर तिनेच बोलावलं होतं, हौसेने. फळ्यावर सकाळीच हृदयाची मोठी आकृती काढून ठेवली होती, बाणांसकट. वर लिहिलं होतं, नावे द्या.

मुलं मॉडेलकडे बघून एकेक नाव सांगू लागली. अलिंदं झाली, निलयं झाली, महाधमनी झाली. मग दुसऱ्या बाकावरची तेजल उठली.

“मॅडम, पडदामा हाई काय शे?”

“तेजल, वर्गात नीट बोलायचं. ‘हे काय आहे’ म्हण.”

“हे काय आहे, मॅडम?” तेजल म्हणाली आणि खाली बसता बसता शेजारणीला पुटपुटली, “शे ते शेच ना.”

“भोक आहे ते,” हेमराज म्हणाला. “काहींना जन्मापासून असतं. हे एका खऱ्या पेशंटचं हृदय आहे.”

“नाव काय सर त्या पेशंटचं?”

“नाव द्यायचं नसतं. संशोधनाचा नियम आहे. आमच्यासाठी तो फक्त पेशंट तीन.”

दिपमालाला ते बरं वाटलं. घरातली गोष्ट घरात राहिली.

तेवढ्यात तिचा मोबाइल थरथरला. ती व्हरांड्यात गेली. सासूबाई होत्या.

“दिपा, पोर अर्ध्या जिनामाच बसी गयी. दम लागना तिले. पाणी दिधं मी. आते बरी शे, तू घाबरू नको.”

घाबरू नको म्हटलं की तिला जास्तच भीती वाटायची. झोपलेल्या भाविकाच्या बरगड्यांखाली श्वासागणिक खळगा पडायचा, त्याच्याकडे ती बघत बसायची. मग स्वतःला समजवायची, डॉक्टरांनीच ऑपरेशनला थांबा म्हटलंय. नाशिकच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा भाविका तिच्या खांद्यावर झोपलेली होती. हेमराज एकटाच आत गेला. बाहेर येऊन म्हणाला, “थांबू म्हणतात. सहा महिन्यांनी बघू.” तिने पुन्हा विचारलं, नक्की तसंच म्हणाले का? तो चिडला होता. “आत मी होतो की तू?”

ती वर्गाच्या दाराशी परत आली. पोरीला पुन्हा दम लागला, हे तास संपल्यावर त्याला सांगायचं ठरवून. हेमराज पाठमोरा होता. रंगात आला होता. एक मुलगा विचारत होता, “सर, मग ते भोक बुजवत का नाहीत?”

“अरे, बुजवलं की माझा अभ्यासच संपला!” हेमराज हसला. त्याच्याबरोबर मुलंही हसली. “हा कप्पा हळूहळू ताणला जातो. किती ताणला जाईल, ते माझं सॉफ्टवेअर आधीच सांगतं. आता ते खरं ठरतं का, हे बघायचं तर भोक तसंच राहायला पाहिजे ना? सहा महिन्यांनी दुसरा स्कॅन. मग तुलना. सर्जन म्हणत होते उशीर नको, लगेच करून टाकू. त्यांना थांबवलं.”

“डॉक्टर थांबले?”

“घरच्यांनी सही दिल्याशिवाय डॉक्टर काय करणार?”

दिपमालाच्या मुठीत फुटाणा होता. तो तळव्यात रुतेपर्यंत तिने मूठ आवळली. फळ्यावरच्या सगळ्या बाणांपुढे नावं आली होती. भोकाचा बाण तेवढा रिकामा होता.

तेजल पुन्हा उभी राहिली. आता तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

“घरचे म्हंजे कोन, सर? त्या पेशंटले मायबाप नई शेतस का?”

हेमराज उत्तर द्यायला वळला आणि त्याला दारात दिपमाला दिसली. मॅडम आता तेजलला ‘नीट बोल’ म्हणणार, म्हणून मुलं दाराकडे बघू लागली.

“शे,” दिपमाला म्हणाली. “माय शे.”