लाइक करू नका

“माह्या व्हिडिओले कोणी लाइक करू नका,” असं मायाने नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं आणि हातातला चहा गार व्हायच्या आत फोन वाजला. तेल्हाऱ्याचे देवमनकाका होते.

“काहून वो सूनबाई, आमचं लाइक आता खपत नाई का तुले?”

“तसं नाही, काका,” म्हणेपर्यंत तिकडून फोन बंद. पाठोपाठ दोन आत्या रुसून ग्रुपमधून बाहेर पडल्या. माया कपाळाला हात लावून बसली.

त्यांचंही चुकलं नव्हतं. माया अकोल्यातल्या एका क्लासमध्ये गणित शिकवायची. “पोरांशी वऱ्हाडी बोलू नका, क्लासची इज्जत जाते,” असं तिथले सर म्हणाले, त्या दिवशी तिने नोकरी सोडली. मग दहावीचं गणित थेट वऱ्हाडीत समजावणारे व्हिडिओ टाकायला लागली. सगळा गोतावळा पाठीशी उभा राहिला. लग्नाला जाऊन तोंड दाखवून यावं, तसा प्रत्येकजण व्हिडिओ उघडायचा, लाइक ठोकायचा, ‘जय भीम, अभिनंदन’ लिहायचा आणि आपल्या कामाला लागायचा. लाइक दिला नव्हता तो फक्त घरातल्या सासूने. मैनाबाईंच्या हातात दिवसभर फोन, कानात वायर, पण सुनेसाठी एक बोट हलत नव्हतं. मायाला ते फार लागायचं.

एवढे लाइक पडूनही परकं माणूस काही फिरकेना. क्लासचे सर परत बोलावत होते, अर्थात त्यांच्याच अटीवर. या महिन्यात कोणी आलं नाही तर मान खाली घालून जायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. त्या विचारानेच तिला रडू यायचं.

घोळ सापडला तो तिच्या नवऱ्याला, प्रीतमला. “व्हिडिओ कोणाले दाखवाचा हे ठरवणारं मशीन लाइक कमी पाह्यते, माणूस किती वेळ थांबला ते जास्त पाह्यते,” तो म्हणाला. “आपले लोक आले की पळाले. मशीनले वाटते, घरचेच पळून राहिले, तं परक्याले कायले दाखवू?”

म्हणून तो मेसेज.

पुढचा व्हिडिओ वर्गसमीकरणांचा होता. नातेवाईक खरंच फिरकले नाहीत. रुसव्यात आमची माणसं शब्दाची पक्की! लाइकच्या जागी भोपळा. मायाने भीत भीत आकडे उघडले, तर कोणीतरी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला होता. मधलं पद फोडायची जागा तर मागे नेऊन नेऊन पाहिली होती. कुठला भाग किती पाहिला ते दाखवणाऱ्या आलेखाला तिथे चांगलं टेंगूळ आलं होतं.

मग मशीनने तो व्हिडिओ आणखी चार जणांपुढे ठेवला. तेही थांबले. हळूहळू अनोळखी नावं दिसू लागली. बाळापूरच्या एका बाईने लिहिलं, ‘ताई, नववीत शाळा सुटली माह्यी. आज पह्यल्यांदा गणित समजलं. पुढचं कवा टाकता?’ त्याखाली तशाच आणखी बायका.

“मी तं पोरांसाठी शिकवून राहिली,” माया चक्रावली. “ह्या बाया कुठून आल्या?”

“पह्यलं जे कोणी थांबलं, त्याच्यासारखीच माणसं मशीन धुंडून आणते,” प्रीतम म्हणाला. “पण ते कोण, हे काई सांगत नाई.”

कोणीही असो, मायाला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. तिने क्लासच्या सरांना फोन लावला. “मी येत नाही, सर,” ती स्वच्छ म्हणाली आणि किती तरी दिवसांनी मोकळी हसली.

तेवढ्यात मैनाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. पदराला हात पुसत जरा वेळ घुटमळल्या. सुनेपुढे त्यांना असं लाजताना मायाने कधी पाहिलं नव्हतं.

“माया, त्या साताचे तीन अन् चारच काहून केले वं तूनं? दोन अन् पाच काहून नाई? अजून एक डाव सांग मले,” त्या हळूच म्हणाल्या, “मार्चात दहावीची परीक्षा देऊन राहिली मी.”