रस्त्याची ही बाजू

बाराचा टोल पडला आणि ओविदिओने हातातला पुठ्ठा छातीशी धरला. 'दवाखाना गावाचा आहे, कंपनीचा नाही.' बंद पडलेल्या बेकरीच्या भिंतीला टेकून तो एकटाच उभा होता. समोर, अरुंद रस्त्यापलीकडे, सरकारी दवाखान्याच्या पायऱ्यांवर गावकरी उभे होते. दर सोमवारी अर्धा तास ते निषेध म्हणून असे उभे राहत.

पहिल्या सोमवारी ओविदिओही पायऱ्या चढला होता. सगळ्यांच्या पुढे उभी असलेली बेनिल्दे त्याच्याकडे न पाहता, आवाज न चढवता म्हणाली, "तुम्ही इथे नको." कुणी मध्ये पडलं नाही. तो मुकाट्याने रस्ता ओलांडून आला.

बोलायला तोंडच नव्हतं. तो गावचा मेयर असताना गावातली रुग्णवाहिका एका खासगी कंपनीकडे गेली, ती त्याच्याच सहीने. सेवा सुधारेल, लोकांना काही भुर्दंड पडणार नाही, असं त्याला वरून सांगण्यात आलं होतं. त्यानेही ते दारोदार फिरून सांगितलं, मनापासून. कंपनीने गाडी चाळीस किलोमीटरवरच्या शहरात नेऊन उभी केली. त्याच हिवाळ्यात बेनिल्देचा नवरा साटुरिओ स्वयंपाकघरात छाती धरून खाली बसला. गाडी यायला सव्वा तास लागला. दफनाच्या वेळी ओविदिओने पुढे केलेला हात तसाच हवेत राहिला. त्यानंतर नऊ वर्षांत बेनिल्देने त्याच्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं.

आता प्रांताचं सरकार दवाखानाही त्याच कंपनीला द्यायला निघालं होतं.

सप्टेंबरात पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसे. अर्धा तास झाला की सगळे घोळक्याने बारमध्ये वाइन प्यायला जात आणि ओविदिओ घरी येऊन कालचे हरभरे गरम करी. बिल्बाओ शहरातून मुलगी फोनवर विचारी, तुम्हाला तिथे कुणी उभंही करत नाही, तर जाता कशाला? तो विषय बदलत असे.

मग थंडी पडली. काही जण मुलांकडे शहरात गेले. काहींनी खासगी विमा उतरवला आणि यायचं सोडलं. दोघं वारली. उरलेले म्हणू लागले, वर सगळं ठरून गेलंय, उगाच कशाला गारठायचं?

जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारी बर्फाळ पाऊस पडत होता. पायऱ्यांवर फक्त बेनिल्दे होती. लांबलचक कापडी फलकाचं एक टोक तिने दोन्ही हातांनी धरलं होतं, दुसरं चिखलात लोळत होतं. ओविदिओचे पाय शिवशिवले. पण 'तुम्ही इथे नको' हे तिने अजून मागे घेतलं नव्हतं. तो जागचा हलला नाही.

पोलिसांची जीप येऊन थांबली. हवालदार वही घेऊन उतरला. किती माणसं जमली, हे त्याला दर आठवड्याला प्रांताला कळवावं लागे. तो ओशाळल्यासारखा म्हणाला, "बाई, आज एकच लिहावं लागेल. 'एक' हा आकडा पाहिला की वरचे म्हणणार, गावाला मान्य आहे."

बेनिल्देने चिखलातल्या टोकाकडे पाहिलं. मग मान वर करून रस्त्यापलीकडे पाहिलं, बराच वेळ. ओविदिओच्या हातातला पुठ्ठा भिजून लोंबत होता.

हवालदारानेही वळून पाहिलं. "ते तुमच्यातलेच का?" त्याने विचारलं.

"त्यांना मी माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "दोन लिहा."